कबुतरें केव्हां सोडावीं?

पुणें शहरांतील जुन्या पेठांमधून सकाळच्या प्रहरीं चालतांना मान जराशी वर केली, तर कोठल्या तरी गच्चीवरील ढाबळीचें दार उघडलेलें दिसतें, आणि पाहतां पाहतां दहापंधरा कबुतरांचा थवा घरांच्या माथ्यांवरून फडफडत वर चढतो. थवा एक फेरी घेतो, दुसरी घेतो, आणि मग त्यांतील एखादें कबुतर एकाएकीं पाठीमागें उलटतें, एकामागून एक अशा कोलांट्या घेत पुरुष-दोन पुरुष खालीं येतें, आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा डौलानें सांवरून पुन्हां थव्यास जाऊन मिळतें. ह्या जातीच्या कबुतरांस आपल्याकडे गिरेबाज म्हणतात. जमिनीवरच लोळण घेणारी जी जात, ती लोटण. विलायतेंत बर्मिंगहॅम शहराच्या नांवानें ओळखली जाणारी व आतां जगभर पसरलेली ‘रोलर’ ही जात गिरेबाजांचीच चुलत बहीण समजावी.

हा खेळ पाहण्यांत जें सुख आहे, तें ज्यानें अनुभविलें आहे त्यास आमचा आजचा विषय क्षुल्लक वाटणार नाहीं. ज्यानें अनुभविलें नाहीं, त्यानें आमच्यासाठीं घटकाभर धीर धरावा. कारण, प्रश्न जरी कबुतरें केव्हां सोडावीं एवढाच दिसत असला, तरी त्याच्या पोटीं दुसरा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं मिळून विचार करण्याजोगा आहे.

गेल्या थंडींतली गोष्ट. नववींतला एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर आमच्या मेजापाशीं येऊन उभा राहिला. मुलगा शांत स्वभावाचा; परंतु त्या दिवशीं त्याचे डोळे लाल झाले होते व दप्तराच्या तोंडांतून बेचकीचें टोंक बाहेर आलेलें होतें. तो म्हणाला, “सर, शिक्रा मारला तर चालेल का?”

“कां रे?” आम्हीं विचारलें.

“त्यानें माझीं चार गिरेबाज नेलीं. अकरा होतीं, सात उरलीं. तो रोज आमच्या समोरच्या चिंचेवर येऊन बसतो. बरोबर सात वाजतां.”

“आणि तूं कबुतरें केव्हां सोडतोस?”

“सातलाच,” तो म्हणाला, आणि मग किंचित् थांबून, आम्हांस दोष देण्याचा हेतु मनांत नसतांही म्हणाला, “तुम्हींच सांगितलें होतें ना, सर, जें करायचें तें रोज एकाच वेळीं करावें म्हणून.”

हें खरें होतें. वर्षाच्या आरंभीं नियमितपणावर आम्हीं वर्गांत बरेंच विस्तारानें बोललों होतों, आणि हाच विद्यार्थी आपलीं कबुतरें घड्याळाच्या ठोक्यावर सोडतो म्हणून सर्वांदेखत त्याची पाठही थोपटली होती. आमच्या त्या उपदेशाचें चीज जितकें त्या मुलानें केलें, तितकेंच चिंचेवर बसणाऱ्या त्या पक्ष्यानेंही केलें असावें, असें मनांत येऊन आम्ही ओशाळलों. त्याच्या प्रश्नास आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. बेचकी मात्र मागून घेतली, आणि येत्या रविवारीं सकाळीं तुझ्या गच्चीवर येतों, असें वचन दिलें.

रविवारीं आम्ही पावणेसातासच गच्चीवर जाऊन बसलों. डिसेंबराचे दिवस, सूर्य नुकताच वर येत होता. शिक्रा खरोखरच चिंचेवर होता. लहानसा, करडा, पोटावर तांबूस पट्टे, शेपूट लांब व पंख आंखूड नि गोलसर. मुलानें दार उघडलें. थवा वर चढला. शिक्र्यानें मान वळवून एकवार त्याकडे पाहिलें, मग सूर मारून कुंपणाच्या भिंतीवरचा एक सरडा उचलला आणि तो खात बसला. मुलगा चकित झाला. इतक्यांत थव्यांतील एका कबुतरानें कोलांटी घेतली, आणि वरून, फार वरून, कोणीं दगड भिरकावावा तसें कांहीं तरी खालीं आलें. थवा फुटला, हवेंत चारदोन पिसें तरंगत राहिलीं. नेम चुकला होता. तो पक्षी वळून जवळच्या एका उंच इमारतीच्या कठड्यावर जाऊन बसला, तेव्हां आम्हीं त्यास दुर्बिणींतून नीट पाहिला. लांब, टोकदार पंख आणि गालावर मिशीसारखा काळा पट्टा. तो बहिरी ससाणा होता.

ज्याच्यासाठीं बेचकी दप्तरांत घातली होती, तो चिंचेवर सरडा खात होता. त्या बिचाऱ्याचा अपराध एवढाच कीं, तो डोळ्यांस दिसत होता. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. परंतु त्या सकाळीं जो विचार सुरू झाला, तो हा लेख होय.

प्रथम ह्या कोलांटीविषयीं. हा शौक आपल्या देशांत फार जुना आहे. अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत लिहून ठेविलें आहे कीं, अकबर बादशहाच्या पदरीं वीस हजारांहून अधिक कबुतरें होतीं, त्यांतील पांचशें खासा म्हणजे निवडक होतीं, आणि एकेक खासा कबुतर १५ चर्ख व ७० बाज्या करी. ह्या खेळास बादशहा इश्कबाजी म्हणे. पुढें चार्ल्स डार्विन ह्या शास्त्रज्ञानें स्वतः कबुतरें पाळलीं, लंडनमधील कबुतर पाळणाऱ्यांच्या दोन मंडळांत नांव घातलें, आणि १८६८ सालच्या आपल्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील लोटण कबुतराचें वर्णन करून त्या लोळण्यास उपजत व आनुवंशिक संवयीचें एक विलक्षण उदाहरण म्हणून गौरविलें. तात्पर्य, कोलांटी ही शिकवून येत नाहीं. ती रक्तांत असते. पिल्लू उडूं लागल्यावर कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं ती आपोआप प्रकट होते, आणि माणसानें पिढ्यान्‌पिढ्या अशींच पिल्लें निवडून तिला वाढविलें आहे.

आतां हें वाढविणें म्हणजे काय, ह्याचा विचार करावा. रानांतला पारवा थव्यांत उडतो तो उगीच नव्हे. ससाणा थव्यावर सहसा झेप टाकीत नाहीं. थव्यांतून जो निराळा पडतो, जो दुबळा किंवा गोंधळलेला दिसतो, त्यास तो हेरतो. गिरेबाज कोलांटी घेतांना थव्यांतून निराळें पडतें, त्याचा वेग मोडतो, क्षणभर त्याचें स्वतःवर नियंत्रण राहत नाहीं, आणि दुरून पाहणाऱ्यास तें घायाळ होऊन कोसळत आहे असेंच वाटतें. म्हणजे जें आपल्यास कौतुकाचें, तेंच ससाण्यास आमंत्रणाचें. निसर्गानें अशा पक्ष्यास फार दिवस जगूं दिलें नसतें. आपण त्यास आपल्या आनंदासाठीं निर्माण केलें आणि जोपासलें. तेव्हां त्याच्या रक्षणाचा भार कोणावर पडतो, हें सांगावयास नको. ससाणा आपलें काम करतो. चुकतों तें आपण.

पुण्याच्या आकाशांत कबुतरांचे शत्रु कोण, हें प्रथम नीट ओळखिलें पाहिजे. कारण सर्वांच्या वेळा व रीति एक नाहींत. शिक्रा हा बारमाही रहिवासी. तो झाडींत दबा धरून बसतो व जवळच्या भक्ष्यावर एकदम सूर मारतो. सरडे, उंदीर व लहान पक्षी हा त्याचा मुख्य आहार. परंतु त्याची मादी नराहून मोठी असते, आणि गच्चीवर उतरणाऱ्या लहानशा कबुतरावर झडप घालावयास ती मागेंपुढें पाहत नाहीं. उन्हाळ्यांत घरट्यांत पिल्लें असतां तिची भूक वाढते. घार ही तर शहराचीच. धडधाकट कबुतर सहसा तिच्या हातीं लागत नाहीं, पण आजारी किंवा नुकतें उडूं लागलेलें पिल्लू तिला पुरतें. बहिरी ससाणा हा हिवाळी पाहुणा. उत्तरेकडील थंड मुलखांतून तो पावसाळा सरतां सरतां इकडे येतो व उन्हाळा लागतां परततो. त्याचाच आप्त शाहीन ससाणा सह्याद्रीच्या कड्यांवर वर्षभर राहतो. बहिरीची रीत शिक्र्याच्या अगदीं उलट. तो उंचावरून खालीं झेपावतो, आणि त्या झेपेंत त्याचा वेग ताशीं ३०० किलोमीटरांच्याही वर जातो. त्याच्यापुढें पळून सुटणें कबुतरास शक्य नाहीं. सुटलें तर तें वळण घेऊन अथवा थव्यांत मिसळूनच सुटतें.

आतां वेळेचा प्रश्न. डिसेंबर-जानेवारींत पुण्यास सूर्य सुमारें सातास उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शिकारी पक्ष्यानें तेरा तासांची रात्र उपाशीं काढलेली असते. उजाडतांच त्यास भूक लागलेली असते, आणि संध्याकाळीं पुन्हां पुढच्या लांब रात्रीची तरतूद करावयाची असते. म्हणून दिवसाचीं हीं दोन टोकें हिवाळ्यांत सर्वांत धोक्याचीं. आमचा विद्यार्थी जी वेळ साधीत होता ती नेमकी हीच. बरें, भर दुपारीं सोडावें, तर जमीन तापून हवेचे लोट वर चढूं लागतात, आणि त्यांवर पंख पसरून घारी, गरुड व ससाणे श्रमावांचून उंच घिरट्या घालतात. उंचावर बसलेल्यास खालचें सर्व दिसतें. मधला जो काळ, म्हणजे ऊन पडून शिकाऱ्याची न्याहारी उरकलेली असते पण हवा अद्याप तापलेली नसते, तो त्यांतल्या त्यांत बरा. मात्र हा नियम लोखंडाचा नव्हे. दिवस ढगाळ असेल, आदल्या दिवशीं पाऊस पडून शिकारी उपाशीं राहिला असेल, तर हा हिशेब चुकतो.

म्हणून आमच्या मतें खरा नियम घड्याळांत नाहीं. तो पाहण्यांत आहे. दार उघडण्यापूर्वीं पांच-दहा मिनिटें आकाश व झाडें निरखावीं. कावळे एखाद्या झाडाभोंवतीं कर्कश ओरडत जमले असतील, तर तेथें कोणी तरी बसलेला आहे हें निश्चित. साळुंक्यांनीं इशाऱ्याचा सूर काढला, खारीनें एकसारखी चिरचिर लावली, किंवा नेहमीं गजबजलेलें झाड एकाएकीं मुकें झालें, तर त्या दिवशीं दार बंदच ठेवावें. हे चौकीदार पगार घेत नाहींत. त्यांची भाषा शिकण्यास मात्र कांहीं महिने लागतात, आणि तेवढा धीर आपल्यांत असला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी कीं, रोज एकाच वेळीं सोडूं नये, आणि रोज सोडूंही नये. शिकारी पक्षी मूर्ख नाहीं. जेथें एकदां भक्ष्य मिळालें तेथें तो त्याच सुमारास पुन्हां येतो, आणि दोनदां मिळालें तर तें ठिकाण त्याच्या रोजच्या फेरींत पडतें. कबुतर नेलें गेलें त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, उरलेल्यांचें कसें आहे हें पाहण्याच्या उत्सुकतेनें, आपण पुन्हां दार उघडतों. ही तर त्यास दुसरी पंगत वाढणें झालें. असें घडल्यावर आठ-पंधरा दिवस ढाबळ मिटून ठेवावी. रिकाम्या ताटापाशीं कोणी फार दिवस बसत नाहीं.

तिसरी गोष्ट दाण्यांची. गिरेबाज उडविण्यापूर्वीं त्यांस पोटभर चारूं नये. उडून आल्यावर चारावें. पोट हलकें असलें कीं थवा शीळ ऐकतांच उतरतो व चटकन आंत जातो. पोट भरलेलीं कबुतरें तासभर पन्हळीवर अंग शेकत बसतात, आणि शिक्र्यास हवें असतें तें हेंच. ह्या बाबतींत गिरेबाज पाळणारा भाग्यवान म्हणावा. जीं कबुतरें तासन्‌तास उंच राहावीं म्हणून पाळतात, त्यांच्या धन्यास वेळ निवडतांच येत नाहीं. सगळा दिवसच धोक्यांत घालावा लागतो. परंतु बर्मिंगहॅम जातीच्या जागतिक सामन्यांतदेखील थव्याची परीक्षा अवघ्या २० मिनिटांत उरकतात. ज्यास वीस मिनिटेंच हवींत, त्यानें दिवसाच्या साऱ्या मिनिटांतून वीस चांगलीं निवडून काढूं नयेत काय?

चौथी गोष्ट हंगामाची. ऑक्टोबरापासून मार्चापर्यंत पाहुणे ससाणे येथें असतात. हे महिने आपल्यास हवेच्या दृष्टीनें अत्यंत सुखकर, म्हणूनच तेव्हां सोडण्याचा मोह फार. तरी त्या काळांत उड्डाणें थोडीं ठेवावीं, आणि ससाण्यानें आपली गच्ची एकदां हेरली तर तो हंगाम विणीची तयारी, पिल्लांची निवड व ढाबळीची डागडुजी यांत घालवावा. ज्या दिवसांत पिसें झडत असतात, त्या दिवसांतही अपुऱ्या पंखांनीं कबुतरास वर धाडूं नये. जानेवारींत आणखी एक शत्रु आकाशांत चढतो, त्यास चोंच नाहीं कीं नखें नाहींत. तो म्हणजे पतंगाचा मांजा. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली. तरी संक्रांतीच्या आगेंमागें झाडांवर व तारांवर तो लोंबत असतोच. तो कबुतराचा पंख कापतो, आणि ससाण्याचाही. त्या पंधरवड्यांत ढाबळीचें दार न उघडणें हेंच शहाणपण.

इतकें सगळें करण्यापेक्षां ससाणाच मारून टाकला तर काय बिघडलें, असें आमच्या विद्यार्थ्याप्रमाणें पुष्कळांस वाटतें. ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहासानें दिलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रांत कोसळलेल्या विमानांतून मदतीचा निरोप यावा म्हणून ब्रिटिश वैमानिक कबुतरें बरोबर नेत. बहिरी ससाणे तीं मारतात म्हणून १९४० सालीं तेथील सरकारनें ह्या ससाण्यांच्या नाशाचा हुकूम काढला, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारें ६०० ससाणे मारले गेले. तेथें निदान बुडत्या माणसांच्या प्राणांचा प्रश्न होता. युद्ध संपतांच तो हुकूम रद्द झाला. पुढें डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळें ससाण्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ होऊन फुटूं लागलीं व अनेक देशांत हा पक्षी नाहींसा होण्याच्या बेतास आला. अमेरिकेंत १९७२ सालीं डीडीटीचा शेतांतील वापर बंद झाला, लोकांनीं पिल्लें वाढवून सोडलीं, आणि १९९९ सालीं संकटग्रस्तांच्या यादींतून हा पक्षी बाहेर पडला. एवढ्या कष्टांनीं परत आलेल्या ह्या पक्ष्यास त्याच देशांत पुन्हां कोणीं मारावें? २००७ सालीं तेथील वन्यजीव खात्यानें गुप्त तपास करून कॅलिफोर्निया, ओरेगॉन वगैरे राज्यांतील रोलर कबुतरें उडविणाऱ्या मंडळांच्या कांहीं सभासदांवर ससाणे व त्यांच्या जातीचे इतर पक्षी मारल्याबद्दल खटले भरले. आमच्याच छंदाचे ते बंधु. त्यांच्याही दप्तरांत कोणे एके काळीं बेचकी असेल, आणि ती वेळींच मागून घेणारा कोणी त्यांस भेटला नसेल.

आपल्या देशांतही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारी पक्ष्यांस अभय दिलेलें आहे. त्यांस मारणें वा पकडणें हा गुन्हा आहे. परंतु कायद्याचें भय क्षणभर बाजूस ठेवलें, तरी मारण्यानें कबुतरें वांचत नाहींत. एक शिक्रा गेला तर त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा धरतो, कारण त्यास येथें ओढून आणणारें भक्ष्य तसेंच राहतें. आणि तें भक्ष्य कोणीं वाढविलें? चौकाचौकांत पोतीं रिकामीं करून पारव्यांचे थवे आपणच पोसले. ज्यानें शहरभर अन्नछत्र घातलें, त्यानें जेवणारा आला म्हणून काठी उगारावी, हें न्यायाचें नव्हे.

पालकांपैकीं कांहीं म्हणतील, ‘हा सारा खटाटोप हवा कशाला? कबुतरें विकून टाकावीं व मुलानें अभ्यासाला बसावें.’ त्यांचा कळवळा आम्ही जाणतों. गच्चीच्या कडेवरून मान वर करून मागें सरणारा मुलगा ही भिण्याजोगी गोष्ट आहे. कठडा नसलेल्या गच्चीवर हा छंद मुळींच नको. ढाबळींतील धुळीनें व विष्ठेनें छातीचा विकार जडतो, हेंही खरें. तेव्हां झाडलोट करतांना नाकातोंडास फडकें बांधावें, आणि घरांत दम्याचा मनुष्य असेल तर ढाबळ दूरच असावी. हें सर्व मान्य. पण जो मुलगा सूर्योदयाची वेळ, वाऱ्याची दिशा, कावळ्यांची ओरड व आपल्या कबुतरांचें नुकसान रोज वहींत लिहितो, तो अभ्यासच करीत असतो. फरक एवढाच कीं, त्या अभ्यासाचें पुस्तक बाजारांत मिळत नाहीं.

दुसरे कोणी दयाळू गृहस्थ उलट बाजूनें म्हणतील, ‘धोका आहे तर सोडतां कां? पिंजऱ्यांत ठेवा.’ त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, उडावयासाठीं जन्मलेल्या प्राण्यास जन्मभर कोंडणें ही दया नव्हे. मात्र एक गोष्ट आम्ही त्यांच्याकडून घेतों. अधिक खोल कोलांटी हवी म्हणून जे लोक वाटेल तशी वीण करतात, त्यांचीं कांहीं कबुतरें कोसळतां कोसळतां सांवरत नाहींत व छपरावर आपटून मरतात. ती वीण थांबविली पाहिजे. जें सांवरूं शकत नाहीं, त्यास पडावयास लावणें हा खेळ नव्हे.

शेवटीं आमच्या त्या उपदेशाविषयीं, कारण तेंच आमच्या मनास अधिक लागून राहिलें आहे. नियमितपणा वाईट काय? नव्हे. त्या मुलाच्या ढाबळींत पाणी रोज बदललें जातें, झाडलोट रोज होते, कबुतरें रोज मोजलीं जातात. तीं कामें घड्याळाच्या ठोक्यावरच व्हावीं. पण कर्तव्याचा नियमितपणा वेगळा, आणि डोळे मिटून त्याच ठोक्यावर दार उघडणें वेगळें. पहिल्यांत मन जागें असतें. दुसऱ्यांत तें निजलेलें असतें व हात तेवढा चालतो. आम्हीं वर्गांत हा भेद सांगितला नव्हता. तो आम्हांस एका बहिरी ससाण्यानें शिकविला, आणि त्याची फी चार कबुतरांनीं भरली.

त्या रविवारानंतर पंधरा दिवस ढाबळ बंद राहिली. मग मुलगा कधीं साडेआठास, कधीं नवास, कधीं दोन दिवस आड, पाहून सोडूं लागला. फेब्रुवारींत, सर्व काळजी घेऊनही, आणखी एक कबुतर गेलें. तें आम्ही लपवीत नाहीं. ज्यास शंभर हिश्शांची हमी हवी, त्यानें मातीचीं कबुतरें पाळावीं. ह्या खेपेस मात्र मुलगा बेचकी मागावयास आला नाहीं. त्यानें वहींत तारीख, वेळ व आकाशाची स्थिति लिहिली, आणि खालीं एक ओळ घातली होती ती अशी: ‘कावळे ओरडत होते; मी ऐकलें नाहीं.’

सहा उरलीं होतीं; जून महिन्यांत त्यांना दोन पिल्लें झालीं. बेचकी अजून आमच्या मेजाच्या खणांत आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं ज्यांच्या घरीं ढाबळ आहे, त्यांस आमचें एवढेंच मागणें कीं, दाराच्या कडीला हात लावण्यापूर्वीं एकदां वर पाहावें.